कसोटीचा कर्णधार निवडताना नेमकं काय बघायचं?

रामबागकर

२ मार्च २०२३. इंदूरचं होळकर स्टेडियम, भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीचा दुसरा दिवस. आदल्या दिवशी आपला पहिला डाव १०९ धावांत आटोपला होता. दुसऱ्या डावात एकटा पुजारा एक बाजू लावून धरून होता. त्यांचा फिरकीपटू लायन गोलंदाजी करत होता. शेजारी बसलेल्या पुतण्याला मी म्हटलं, ‘लेग स्लिपकडे बघत राहा.’ तिथे, म्हणजे फलंदाजाच्या मागे पायाच्या बाजूला, त्यांचा कर्णधार स्टीव्ह स्मिथ स्वतः उभा होता. पुजाराने पायावरचा चेंडू हलकेच वळवला आणि स्मिथने झेपावून एका हातात झेल घेतला. पुजारा ५९. एवढ्या भरल्या स्टेडियममध्ये ऑस्ट्रेलियन खेळाडूंचं ओरडणं आम्हाला वरच्या रांगेत स्वच्छ ऐकू आलं.

त्या दौऱ्यावर स्मिथ कर्णधार म्हणून आलाच नव्हता. पॅट कमिन्सची आई आजारी होती, म्हणून तो घरी परतला आणि सूत्रं स्मिथकडे आली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ७६ धावांचं लक्ष्य एक गडी गमावून गाठलं आणि सामना संपला. बाहेर पडताना सगळ्यांच्या तोंडी खेळपट्टी होती. माझ्या डोक्यात मात्र तो लेग स्लिप होता. आयत्या वेळी बोलावलेल्या माणसाने कुठे उभं राहायचं हे इतकं नेमकं कसं ठरवलं? उत्तर सरळ आहे. त्याने हे काम आधी तीसपेक्षा जास्त कसोटींत केलं होतं.

मी खेळाडू म्हणून फार पुढे गेलो नाही, पण इंदूरच्या मैदानांवर बरीच वर्षं गुणलेखन केलं आहे. गुणलेखकाच्या टेबलावरून कर्णधार जसा दिसतो तसा टीव्हीवर दिसत नाही. एका क्लबात १८ वर्षांचा एक मुलगा कर्णधार होता. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे सगळे ताटांकडे धावायचे आणि हा ताट हातात घेऊन माझ्या टेबलापाशी यायचा. ‘काका, त्या डावखुऱ्याच्या रेघा दाखवा.’ मी प्रत्येक फलंदाजाच्या नावापुढे एक छोटं वर्तुळ काढून त्यात फटक्यांच्या रेघा ओढत असे. वेगवान गोलंदाजीवरच्या निळ्या, फिरकीवरच्या लाल. त्या दिवशी डावखुऱ्याच्या सगळ्या लाल रेघा मिडविकेटकडे, म्हणजे पायाच्या बाजूला होत्या आणि पलीकडच्या बाजूला, कव्हरकडे एकही नव्हती. मुलगा वरण-भात खात ते वर्तुळ बघत राहिला. खेळ सुरू झाल्यावर त्याने मिडविकेटचा माणूस उचलून स्लिपमध्ये आणला, मिडविकेट मोकळा सोडला आणि ऑफस्पिनरला यष्टीबाहेर टाकायला सांगितलं. चौथ्या षटकात डावखुरा त्या मोकळ्या जागेकडे ओढायला गेला, चेंडू बाहेर वळला, कड लागली आणि स्लिपमध्ये झेल गेला.

पुढच्या हंगामात त्याला कर्णधारपदावरून काढलं. ज्याच्या धावा सर्वांत जास्त त्याला कर्णधार केलं. मी कारण विचारलं तर एक पदाधिकारी म्हणाले, ‘धावा कुणाच्या जास्त आहेत ते तुमच्याच वहीत बघा ना.’ ते बोलणं मला आजही टोचतं, कारण त्याच वहीत त्या मुलाची कप्तानीही होती. ती वाचायची कुणी तसदी घेतली नाही.

वर, म्हणजे देशाच्या संघातही, मला हेच होताना दिसतं. सर्वांत चांगला फलंदाज आणि कर्णधार हे एकच असल्यासारखं आपण धरून चालतो. माझं मत असं, की कसोटी संघाचा कर्णधार निवडताना त्याने चार-पाच दिवसांच्या सामन्यांत दोन-तीन हंगाम तरी संघ सांभाळलेला असावा. देशातल्या रणजी, दुलीप स्पर्धा असोत, की भारत अ हा दुसऱ्या फळीचा संघ असो. वीस षटकांच्या सामन्यात प्रत्येक गोलंदाजाची चार षटकं ठरलेली असतात. कसोटीत तिसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला, चेंडू ६० षटकं जुना, दोन फलंदाज जमलेले आणि वेगवान गोलंदाज थकलेले असताना काय करायचं, हे तिथे शिकायला मिळत नाही.

अजित वाडेकरांचं उदाहरण घ्या. १९७१ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी त्यांची निवड झाली. तोवर मुंबईचा संघ त्यांनी सांभाळलेला होता. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत पावसाने पहिला दिवस वाया गेला. पुढे वेस्ट इंडिजचा डाव २१७ वर संपला तेव्हा आपल्याकडे १७० धावांची आघाडी होती. समोरच्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला लावायचं, म्हणजे फॉलोऑन द्यायचा, तर पाच दिवसांच्या सामन्यात २०० ची आघाडी लागते. पण एक दिवस गेल्यामुळे सामना चार दिवसांचा झाला होता आणि त्याला १५० पुरतात. वाडेकरांना हा नियम माहीत होता. त्यांनी जाऊन वेस्ट इंडिजचा कर्णधार सोबर्सला फॉलोऑन सांगितला. सामना अनिर्णित राहिला, पण त्या क्षणी समोरचा संघ हादरला तो हादरलाच. पुढची पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी आपण जिंकलो आणि मालिकाही.

तुमचं म्हणणं लिहा. विरुद्ध असलं तर जरूर लिहा.

सुदामानगर

मीही त्या दिवशी स्टेडियममध्ये होतो. लेग स्लिपचा झेल आठवतो, पण असा विचार डोक्यात आला नव्हता. एक आठवण करून देतो. डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला अश्विनने स्मिथला शून्यावर बाद केलं, तेव्हा लेग गलीत झेल कुणी घेतला होता? पुजारानेच. आणि कर्णधार होता रहाणे.

नवा चेंडू

काका, लेख मनापासून आवडला, पण पटला नाही.

आज भारताचा कसोटीपटू वर्षभरात रणजीचे किती सामने खेळू शकतो? तिन्ही प्रकारांत खेळणाऱ्या मुलाला दोन-तीन हंगाम राज्याची कप्तानी करायला सांगणं म्हणजे त्याला कर्णधार करायचंच नाही, असं म्हणण्यासारखं आहे. मे २०२५ मध्ये शुभमन गिलला २५व्या वर्षी कर्णधार केलं तेव्हा प्रथम श्रेणी सामन्यांत नेतृत्वाचा त्याला फारसा अनुभव नव्हता. मग इंग्लंडमध्ये काय झालं? एजबॅस्टनला २६९ आणि १६१. त्या मैदानावर भारताने पहिल्यांदाच कसोटी जिंकली, तीही ३३६ धावांनी. मालिकेत ७५४ धावा आणि मालिका २-२. ओव्हलला आपण ६ धावांनी जिंकलो तो सकाळचा तासभर मी आयुष्यात विसरणार नाही.

दुसरं म्हणजे कर्णधाराची अकरांत जागा पक्की हवी. माइक ब्रेअरलीसारखा कर्णधार आज चालेल का? ३१ कसोटींत त्याने इंग्लंडला १८ विजय मिळवून दिले, मान्य. पण फलंदाजीची सरासरी २२.८८. आज दोन मालिका अशा गेल्या तर लोक त्याला घरी पाठवतील, आणि ड्रेसिंग रूममध्ये त्याचा शब्द कुणी ऐकणार नाही. खेळाडू आधी धावांना मान देतात. हे चांगलं की वाईट ते वेगळं, पण आहे असंच.

रामबागकर

नवा चेंडू, गिलच्या फलंदाजीबद्दल वादच नाही. पण तीच मालिका कर्णधाराच्या नजरेने पुन्हा बघा. लीड्सला आपल्याकडून पाच शतकं झाली, तरी इंग्लंडने ३७१ धावांचा पाठलाग केला. मँचेस्टरला वॉशिंग्टन सुंदरच्या हातात चेंडू फार उशिरा आला, आणि आल्या आल्या त्याने पोप आणि ब्रूकला परत पाठवलं. इंग्लंडने ६६९ केल्या. ही चूक हुशारी कमी म्हणून झालेली नाही. अशा दुपारी त्याने आधी पुरेशा घालवलेल्या नव्हत्या. गिल शिकेल, मला खात्री आहे. पण तो कसोटीत शिकतोय आणि त्या शिकण्याची किंमत कसोटीतच मोजावी लागतेय.

बडोदेकर

दांडिया बाजारातून लिहितोय. कर्णधार निवडीचा विषय निघाला की आम्हा बडोद्याच्या लोकांना दोन नावं आठवतात आणि दोन्ही नावं आठवताना अभिमान आणि खंत एकत्रच येतात.

पहिले विजय हजारे. मूळचे सांगलीचे, पण कारकीर्द बडोद्याची. भारताने पहिली कसोटी जिंकली ती त्यांच्या नेतृत्वाखाली, फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला. पहिल्याच दिवशी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज वारल्याची बातमी आली आणि विश्रांतीचा दिवस अलीकडे घ्यावा लागला. विनू मांकड यांनी सामन्यात १२ बळी घेतले आणि इंग्लंडला आपण एक डाव ८ धावांनी हरवलं. भारताला हा दिवस बघायला १९३२ पासून वाट पाहावी लागली होती. त्याच वर्षी उन्हाळ्यात लीड्सला इंग्लंडचा वेगवान गोलंदाज ट्रूमनपुढे आपली अवस्था शून्यावर चार बाद झाली. त्या चारांत पहिलीच कसोटी खेळणारे आमचे दत्ताजीराव गायकवाडही होते. अशा वेळी हजारे यांनी उभं राहून ५६ केल्या.

पण हजारे मितभाषी माणूस. मैदानावर आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. कर्णधारपदाच्या ओझ्याने त्यांच्यातला फलंदाज झाकोळला असं विजय मर्चंट यांचं मत होतं. १९४८ मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध एका कसोटीत दोन शतकं करणारा माणूस हा! १४ कसोटींत त्यांनी नेतृत्व केलं. मला वाटतं, त्यांना कर्णधार करताना ‘सर्वांत मोठा फलंदाज कोण’ एवढंच बघितलं गेलं. या माणसाला हे काम आवडेल का, झेपेल का, हे कुणी विचारलंच नाही. तेव्हा तुमच्या मुद्द्याला माझा दुजोरा आहे, रामबागकर.

दुसरे दत्ताजीराव. १९५७-५८ मध्ये त्यांनी बडोद्याला रणजी करंडक जिंकून दिला. म्हणजे तुमच्या कसोटीला ते उतरतात. अनुभव होता, तोही विजेतेपदासकट होता. १९५९ मध्ये त्यांना इंग्लंड दौऱ्याचं कर्णधार केलं. आणि आपण ५-० हरलो. चार कसोटींत ते कर्णधार होते. लॉर्ड्सला तब्येत बरी नव्हती म्हणून पंकज रॉय यांनी नेतृत्व केलं.

का हरलो? आदला हंगाम बघा. १९५८-५९ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध पाच कसोटींत चार कर्णधार. मुंबईला पॉली उम्रीगर. कानपूर, कलकत्त्याला गुलाम अहमद. मद्रासला पुन्हा उम्रीगर ठरले, पण संघनिवडीवरून वाद झाला आणि सामन्याच्या आदल्या रात्री त्यांनी पद सोडलं. मग विनू मांकड. दिल्लीला हेमू अधिकारी, तेही आमच्याच बडोद्याकडून खेळलेले आणि लष्करात अधिकारी. मालिका ३-० गेली. आणि या सगळ्या घोळानंतर इंग्लंडला पाठवलं पाचव्याच माणसाला. विस्कटलेला संघ दत्ताजीरावांच्या हाती दिला आणि हरल्यावर दोष त्यांच्या माथी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ९५व्या वर्षी ते गेले. देशातले सर्वांत वयोवृद्ध कसोटीपटू होते. त्या आठवड्यात इथे जुन्या लोकांत बसलो होतो. सगळे रणजीच्या विजयाबद्दल बोलत होते. इंग्लंडचं नाव कुणी काढलं नाही. मला ते फार लागलं.

म्हणून माझं म्हणणं, नुसता अनुभव बघून भागत नाही. निवडल्यावर त्याला वेळ आणि स्वतःच्या पसंतीची माणसंही द्यावी लागतात.

नवा चेंडू

पाच कसोटींत चार कर्णधार हे मला माहीतच नव्हतं. बडोदेकर, धन्यवाद.

लष्करवाली

ग्वाल्हेरहून. आमच्या लष्कर भागात संस्थानी आठवणी पावलोपावली आहेत, म्हणून संस्थानिकांकडून सुरुवात करते. आपल्याकडे कर्णधार निवडीचा पायाच वाकडा घातला गेला. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्याचे कर्णधार पोरबंदरचे महाराज, उपकर्णधार लिंबडीचे घनश्यामसिंहजी. खेळाच्या जोरावर नव्हे, गादीच्या जोरावर. लॉर्ड्सच्या कसोटीत महाराजांनी स्वतः बाजूला होण्याचा मोठेपणा दाखवला, लिंबडीकर जखमी होते, म्हणून सी. के. नायडू भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले. तुमच्या इंदूरचे सी. के.! पहिल्याच सकाळी इंग्लंडचे तीन गडी १९ धावांत गेले होते. हाताला लागलेलं असताना सी. के. यांनी ४० केल्या, त्या डावातल्या आपल्याकडच्या सर्वाधिक.

आणि एवढ्या माणसाला एकूण कसोटी कप्तानी किती मिळाली? चार. ही एक आणि १९३३-३४ मध्ये जार्डिनच्या इंग्लंड संघाविरुद्धच्या तीन. १९३६ ला विजयनगरमचे महाराजकुमार कर्णधार झाले. तीन कसोटींत मिळून त्यांच्या ३३ धावा. संघात सी. के. होते, मर्चंट होते. लाला अमरनाथना तर पहिल्या कसोटीआधीच घरी पाठवून दिलं. संघात ज्याचं ऐकायचं तो खेळाडू म्हणून उभा आणि ज्याला खेळ कळत नाही तो कर्णधार. त्या दौऱ्याचं वाचलं की आजही जीव तुटतो.

रामबागकर

लष्करवाली ताई, सी. के. यांचं नाव काढलंत, आता मला थांबवणं कठीण आहे.

होळकरांच्या आमंत्रणावरून ते १९२३ मध्ये इंदूरला आले आणि इथलेच झाले. देशाने त्यांना चार कसोटी दिल्या, पण होळकर संघाने त्यांच्यातला कर्णधार पुरेपूर वापरला. १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३, चार वेळा रणजी करंडक. सहा वेळा उपविजेते. मुश्ताक अली, चंदू सरवटे, सी. एस. नायडू, भाऊसाहेब निंबाळकर ही सगळी माणसं त्यांच्या हाताखाली खेळली. वयाच्या पन्नाशीत बडोद्याविरुद्ध त्यांनी द्विशतक केलं. बडोदेकरांना हे आठवत असेलच!

१९४४-४५ च्या अंतिम सामन्याचे आकडे गुणलेखक म्हणून मी कितीदा तरी वाचले असतील. मुंबईविरुद्ध सी. एस. नायडूंनी एका सामन्यात १५२.५ षटकं टाकली. ९१७ चेंडू! कर्णधार त्यांचेच थोरले बंधू. होळकर हरले. इंग्लंडचा फलंदाज डेनिस कॉम्प्टन तेव्हा महूला लष्करात होता, होळकरांकडून खेळला आणि शेवटच्या डावात २४९ वर नाबाद राहिला. मला नेहमी वाटतं, त्या १५२ षटकांत कुठल्या षटकानंतर सी. के. यांच्या मनात आलं असेल की आता भावाला विश्रांती द्यावी? आणि तरी दिली नाही, ती का? दुसरा गोलंदाज नव्हता म्हणून, की त्याच्यावर विश्वास होता म्हणून? कर्णधारपदाचा अर्धा भाग गोलंदाज ओळखण्यात आहे, असं मला त्या आकड्यांकडे बघून वाटतं.

बडोदेकर

पन्नाशीतलं ते द्विशतक आठवतं, आणि पुढच्याच वर्षीचंही आठवतं. १९४६-४७ चा अंतिम सामना, होळकरांविरुद्ध बडोद्यात. गुल महंमद ३१९, हजारे २८८, चौथ्या गड्यासाठी ५७७. आम्ही एक डाव ४०९ धावांनी जिंकलो. सी. के. यांनी त्या दोन दिवसांत क्षेत्ररक्षण कसं कसं बदललं असेल, ते बघायला मिळालं असतं तर मी काहीही दिलं असतं.

राजवाडा चौक

वय ७१. मराठीत टंकायला वेळ लागतो, तरी लिहितो.

१९७१ च्या दोन्ही विजयांनंतर इंदूरमध्ये विजय बल्ला उभारला, काँक्रीटचा, त्यावर खेळाडूंची नावं. आम्ही शाळा-कॉलेजातली मुलं तो बघायला जायचो आणि वाडेकरांच्या नावावर बोट फिरवायचो. मराठी माणूस भारताचा कर्णधार आणि वेस्ट इंडिज, इंग्लंड दोन्हीकडे जिंकून आलेला. घरात दिवाळी होती.

१९७४ ला इंग्लंडमध्ये ३-० हरलो. लॉर्ड्सला ४२ सर्वबाद. तेव्हा लोकांनी तोच बल्ला विद्रूप केला. मी स्वतः जाऊन बघितला. तीन वर्षांपूर्वी जिथे हार घातले होते तिथे ते बघून पोटात खड्डा पडला. वाडेकर त्यानंतर कसोटी खेळले नाहीत. पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळलं.

कर्णधार कसा निवडावा यावर तुम्ही सगळे छान लिहिताय. त्याला काढायचं कसं यावरही कुणीतरी लिहा. १९७९ मध्ये इंग्लंडहून परतताना वेंकटराघवनना आपलं पद गेल्याचं विमानात वैमानिकाच्या घोषणेतून कळलं. माणसाशी असं वागतात?

सुदामानगर

काका, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर काही सुचत नाही. ते विमानातलं वाचून सुन्न झालो.

रहाणेबद्दल थोडं लिहितो. ॲडलेडला ३६ सर्वबाद झालो, कोहली बाळाच्या जन्मासाठी घरी परतला, शमी जखमी. अशा वेळी मेलबर्नला रहाणेने नाणेफेक हरली. पहिल्या तासाभरातच अश्विनला आणलं आणि पहिलीच कसोटी खेळणाऱ्या सिराजला जेवणाआधी एकही षटक दिलं नाही. बाप गेल्यावरही दौऱ्यावर थांबलेला तो मुलगा. मला वाटतं त्याला स्थिरावायला वेळ दिला. मग स्वतः ११२. जडेजाच्या हाकेवर धावबाद झाला आणि जाताना उलट त्याच्याच खांद्यावर हात ठेवून गेला. पुढे ब्रिस्बेनची कसोटीही जिंकली. सहा कसोटींत कर्णधार, चार विजय, दोन अनिर्णित, एकही हार नाही. तरी पूर्ण वेळ कर्णधार म्हणून त्याचा विचार झाला नाही.

जानेवारी २०२५ मध्ये रोहित शर्मा, म्हणजे भारताचा तेव्हाचा कर्णधार, मुंबईकडून रणजी खेळला तो रहाणेच्या हाताखाली. ते बघून मला बरं वाटलं.

नवा चेंडू

रहाणेचा मुद्दा मान्य, पण कोहलीच्या ६८ कसोटींत ४० विजय आहेत. भारताच्या कुठल्याही कर्णधाराचे एवढे नाहीत. २०१६ ला इंदूरची पहिलीच कसोटी झाली, त्यात त्याचे २११, रहाणेचे १८८ आणि अश्विनचे सामन्यात १३ बळी. तेव्हा सर्वोत्तम फलंदाजच कर्णधार होता आणि कुणाची तक्रार नव्हती. वेगवान गोलंदाजांची फळी उभी राहिली ती त्याच्या हट्टामुळे. हट्टही कर्णधाराचा गुणच ना?

आणि बुमराचं काय? पर्थला १५० सर्वबाद झाल्यावर पाच बळी घेऊन त्याने २९५ धावांनी कसोटी जिंकून दिली. मैदानावर त्याच्याएवढा शांत माणूस दुसरा नाही. पण सिडनीला पाठ दुखावली आणि शेवटच्या डावात गोलंदाजीच करता आली नाही. गोलंदाजाला कर्णधार न करण्याचं कारण मेंदू नसतो, पाठ असते. कमिन्सने ते जमवून दाखवलं, पण दोघांची शरीरं वेगळी.

रामबागकर

हट्ट हा गुण, मान्य. त्या बाबतीत माझं मत थोडं बदलतोय, लिहून ठेवतो.

आता राहुल द्रविड. जन्म इंदूरचा, म्हणून आम्ही त्याला आपलाच म्हणतो. २००४ ला मुलतानला गांगुली दुखापतीमुळे नव्हता, द्रविड हंगामी कर्णधार. सचिन १९४ वर असताना त्याने डाव घोषित केला. माझ्या घरात त्या दिवशी दोन तट पडले होते. वडील जेवले नाहीत. पण त्याने संघाचा हिशोब केला, दिवसाच्या शेवटी समोरच्याला फलंदाजीला आणायचं. पाकिस्तानात आपण पहिली कसोटी जिंकलो. पुढे पूर्ण वेळ कर्णधार झाल्यावर २००६ ला वेस्ट इंडिजमध्ये ३५ वर्षांनी मालिका, दक्षिण आफ्रिकेत पहिला कसोटी विजय, २००७ ला इंग्लंडमध्ये २१ वर्षांनी मालिका. आणि तरी ओव्हलला ३१९ ची आघाडी असताना त्याने फॉलोऑन दिला नाही, यावर लोक आजही भांडतात. मालिकेत १-० पुढे होतो, गोलंदाज थकलेले होते. मी त्या जागी असतो तर तेच केलं असतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने पद सोडलं.

नेट्सवाली आई

सगळे प्रतिसाद वाचले. पुरुषांच्याच क्रिकेटवर चर्चा चाललीय म्हणून एक भर घालते.

डिसेंबर २०२३ मध्ये हरमनप्रीत कौर पहिल्यांदा कसोटीत कर्णधार झाली. इंग्लंडला ३४७ धावांनी हरवलं आणि लगेच त्याच महिन्यात वानखेडेवर ऑस्ट्रेलियाला ८ गडी राखून. तेव्हा आपल्या मुलींना देशात एकापेक्षा जास्त दिवसांचे सामने कुठे होते? तशी स्पर्धा २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. म्हणजे रामबागकर काकांची अट लावली असती तर तिला कर्णधार करताच आलं नसतं. ज्यांना संधीच मिळाली नाही त्यांच्याकडे अनुभव मागायचा कसा?

आता माझ्या घरातलं. मुलगी १३ वर्षांची, ऑफस्पिन टाकते. परवा अकादमीत तिला १५ वर्षांखालच्या संघाचं कर्णधार केलं. संघात तिच्यापेक्षा जास्त धावा करणाऱ्या तिघी आहेत आणि त्यांतली एक तिची जिवलग मैत्रीण. दोन दिवसांपासून ती मैत्रीण बोलत नाहीये. मुलगी म्हणते, ‘आई, मी नाही म्हणून सांगू का?’ पहिला सामना दोन दिवसांचा आहे. मला क्रिकेट बघायला आवडतं, पण यात काय सांगावं ते कळत नाही.

रामबागकर

ताई, हरमनप्रीतचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, आणि तो बरोबर आहे. अट लावण्याआधी तसे सामने सगळ्यांना मिळाले पाहिजेत. हे मी आधी लिहायला हवं होतं.

मुलीला नाही म्हणू देऊ नका. ज्यांनी तिला निवडलं त्यांनी धावांपलीकडचं काहीतरी पाहिलं असणार, ते काय ते त्यांना विचारा आणि तिच्या कानावर घाला. मैत्रिणीला पहिल्या दिवशी स्लिपमध्ये उभं करायला सांगा, कर्णधाराला रोज स्लिपशी बोलावंच लागतं. आणि सामन्याआधी एक दिवस तिला कुठल्याही सामन्यात गुणलेखकाशेजारी बसवा, निदान जेवणापर्यंत. स्वतःच्या हाताने रेघा काढू द्या.

बडोदेकर

ऑफस्पिनर कर्णधाराला एक सांगणं. पहिलं षटक स्वतः टाकायचा मोह होतो आणि मार बसला की दिवसभर स्वतःला चेंडू द्यायचा धीर होत नाही. तिने दोन्ही टाळावं.

राजवाडा चौक

पोरीला माझा आशीर्वाद. सामना इंदूरात असेल तर कुठल्या मैदानावर ते कळवा, मी येईन.

नेट्सवाली आई

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी तिला घेऊन नेहरू स्टेडियमला गेले होते, तिथे मुलांचा सामना चालू होता. गुणलेखक काकांनी शेजारी खुर्ची दिली. जेवणाची सुट्टी झाली तरी उठेना. घरी येताना दुकानातून लाल आणि निळी पेन्सिल घेतली, आणि संध्याकाळी मैत्रिणीला फोन लावला. अर्धा तास बोलत होत्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही. फक्त एवढं ऐकू आलं, ‘तू स्लिपला उभी राहशील का?’

सामना शनिवारी आहे, सकाळी साडेआठला. मैदान उद्या कळेल, कळलं की इथेच लिहीन.